नोटेमागची चांदी

यंदा लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी पाटावरचे चांदीचे रुपये पुसून डब्यात ठेवताना बायको म्हणाली, "वर्षातून एकदा हळदीकुंकू लावण्यापलीकडे यांचा उपयोग काय हो? त्यापेक्षा नातीला पैंजण करू." आमच्याकडे असे तेरा रुपये आहेत, पणजोबांपासून चालत आलेले. मी जरा का-कू केली. पण "लक्ष्मी डब्यात बसण्यापेक्षा नातीच्या पायात वाजली तर काय बिघडलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुजरीत आमचे नेहमीचे सोनार आहेत. रुपये काट्यावर ठेवण्याआधी त्यांनी एकेक रुपया काउंटरवर टाकून वाजवून पाहिला. अकरा रुपये खणखणले. दोन बद्द वाजले. ते दोन त्यांनी न बघताच बाजूला सारले. मी उचलून साल पाहिलं. एक १९४१ चा, दुसरा १९४४ चा. "यांत निम्मीच चांदी," सोनार म्हणाले. "लढाईच्या वेळचे आहेत. पैंजणाला हे अकरा घेऊ."

"म्हणजे सरकारनंच खोटं नाणं पाडलं म्हणायचं?" मी विचारलं.

"खोटं कशाला? सरकारनं रुपया म्हटलं की रुपया," सोनार हसून म्हणाले, "आम्हाला फक्त चांदी कळते."

विचार करून येतो असं सांगून मी रुपये परत आणले. ते डब्यात ठेवताना तळाशी मेणकापडाची घडी हाताला लागली. त्या घडीत काय आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण सहसा कोणी ती उलगडत नाही. तिच्यात एक अर्धी नोट आहे. पंचम जॉर्जच्या काळातली, दहा रुपयांची, मधोमध सरळ कापलेली. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी.

पणजोबांचा गूळ शाहूपुरीच्या पेठेत जायचा. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला एका पेढीवर गुमास्ता होता. १९१८ च्या पावसाळ्यात त्याने ही अर्धी नोट पाकिटात घालून पाठवली. मनीऑर्डरची सोय तेव्हा होतीच, पण पेढीवरची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली. नोट कापायची, एक तुकडा टपालाने पाठवायचा, तो पोचल्याचं पत्र आलं की दुसरा. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराला त्याचा उपयोग नाही. पणजोबांनी पोचल्याचं पत्र टाकलं. दुसरा तुकडा आला नाही. श्रावण गेला, गणपती गेले. घरात बोलणी सुरू झाली. मुंबईचं पाणी लागलं, शब्द फिरवला, वगैरे. दिवाळीच्या सुमारास कोणीतरी निरोप आणला की इन्फ्लुएंझाच्या साथीत तो गेला. पणजोबांनी ती अर्धी नोट लक्ष्मीच्या डब्यात ठेवली आणि पुन्हा कधी तिच्याविषयी बोलले नाहीत, असं आजी सांगायची.

मी त्या दिवशी डबा पुढ्यात घेऊन बराच वेळ बसलो होतो. अकरा रुपये खरे, दोन निम्मे खरे, आणि एक अर्धा कागद. यातल्या कशावर माणसांनी विश्वास ठेवला आणि का ठेवला, हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे पूर्वी रुपया म्हणजे चांदीच. पण रुपया एक नव्हता. चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का अशी कितीतरी नावं. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या टांकसाळीतला तो पन्हाळी किंवा शंभूपिरखानी. प्रत्येकाचा कस वेगळा, वजन वेगळं, झीज वेगळी. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत चालवायचा तर बट्टा द्यावा लागायचा, आणि नाणं पारखायला पोतदार लागायचा. आज आपल्याला पोतदार म्हणजे फक्त आडनाव वाटतं. पण त्या काळी सरकारात भरणा करायला आलेल्या माणसाचा रुपया चांगला की हिणकस हे पोतदार ठरवायचा, आणि तो जे म्हणेल तेवढं त्या माणसाचं नुकसान व्हायचं. तेव्हा 'चांदी होती म्हणून सगळं चोख होतं' असं समजायचं कारण नाही. चांदी होती आणि तिच्याबरोबर बट्टाही होता. तो बट्टा बहुतेक वेळा कुळाच्या माथी बसायचा.

१८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. हाच पुढे कलदार, हाच राणीछाप. वजन इतकं नेमकं की घरोघरी 'रुपयाभार' हे मापच होऊन बसलं. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, असा नियम होता. म्हणजे बाईच्या अंगावरचे वाळे-तोडे आणि सरकारी रुपया यांत फरक फक्त छापाचा. अडचण आली की तोडे मोडायचे, रुपया करायचा. गरिबाची बँक म्हणा ना.

आता कागद. त्याच्यामागे चांदी ठेवायची कल्पना काही इंग्रजांची नव्हे. चीनमध्ये कुबलाईखानाने १२६० मध्ये काढलेल्या नोटांमागे चांदीचा साठा होता. सुरुवातीला त्या चोख चालल्या. पुढे खर्च वाढला, नोटा वाढल्या, चांदी तेवढी वाढली नाही, आणि नोटांची किंमत घसरत गेली. आपल्याकडे महंमद तुघलकाने कागद नाही वापरला, पण साधारण १३२९ ते १३३२ या काळात चांदीच्या टंक्याच्या जागी तांब्यापितळेची नाणी काढली. त्यातली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. घरोघरी खोटी नाणी पडू लागली आणि शेवटी सुलतानाला ती परत घेऊन सोनंचांदी द्यावं लागलं. आपण त्याला वेडा महंमद म्हणतो. पण माझ्या मनात नेहमी येतं की शेवटी त्याने नाणी परत घेतली, हे आपण सांगताना विसरतो. वेड्याने निदान शब्द तरी पाळला.

इंग्रजी अमलात आधी कलकत्ता, मुंबई आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी बँका आपापल्या नोटा काढत. मुंबईची बँक १८४० ची. त्या नोटा शहरापुरत्याच फिरायच्या. १८५७ च्या धामधुमीनंतर सरकारची तिजोरी खडखडीत झाली, तेव्हा लंडनहून जेम्स विल्सन नावाचा माणूस अर्थखातं बघायला आला. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारा हाच. त्याने १८६० मध्ये दोन गोष्टी आणल्या, एक इन्कमटॅक्स आणि दुसरी सरकारी कागदी चलनाची योजना. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो कलकत्त्यात आजारपणाने वारला. कायदा झाला तो १८६१ मध्ये, आणि १ मार्च १८६२ पासून नोटा काढण्याचा हक्क फक्त सरकारचा झाला.

विल्सनच्या मनात असं होतं की नोटांच्या एक तृतीयांश चांदी ठेवली तरी पुरे, बाकीचे सरकारी रोखे. पण लंडनच्या वरिष्ठांना ते सैल वाटलं. प्रत्यक्ष कायद्यात ठरलं असं की फक्त चार कोटी रुपयांच्या नोटांमागे रोखे चालतील. त्यापुढची प्रत्येक नोट काढायची तर तेवढा धातू, म्हणजे मुख्यतः चांदी, तिजोरीत हवी. नोटेवर वचन छापलेलं, मागेल त्याला तेवढे रुपये देऊ. आणि ते रुपये म्हणजे खरोखरच चांदीचे रुपये.

वाचायला छान वाटतं. पण मागायचं कुठे? देशाचे चलनाचे विभाग पाडले होते. त्यांना सर्कल म्हणत. मुंबई हे मोठं सर्कल, आणि नागपूर, अकोला ही तिच्या हाताखालची. अकोल्याचं नाव वाचून मला आधी नवल वाटलं, मग लक्षात आलं, वऱ्हाडचा कापूस! हंगामात कापसापोटी शेतकऱ्याला द्यायला रुपयांची पोतीच्या पोती तिकडे न्यावी लागायची. एका सर्कलची नोट दुसऱ्या सर्कलमध्ये कायद्याने चालायची नाही. ती चालवायची तर पुन्हा बट्टा. पोतदाराचा बट्टा गेला आणि सराफाचा आला! पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू झाली, दहाची आणि पन्नासाची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये. पणजोबांच्या भावाने पाठवलेली दहाची नोट कोल्हापुरात बिनबट्ट्याची चालली असती, ती जेमतेम आठ वर्षांपूर्वीच्या या सुधारणेमुळे.

आता या गोष्टीला एक वळण आहे. नोटेमागे चांदी होती, पण चांदीमागे काय होतं?

१८७० नंतर जर्मनीसारखे देश चांदी सोडून सोन्यावर गेले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या, आणि जगभर चांदी घसरायला लागली. रुपया चांदीचा, म्हणून तोही घसरला. १८७३ च्या आसपास एका रुपयाला लंडनमध्ये जवळजवळ दोन शिलिंग मिळत. वीस वर्षांत ते सव्वा शिलिंगाच्या खाली आले. सरकारला दरवर्षी विलायतेला पैसे पाठवावे लागत, ते सोन्याच्या भावात. तेव्हा २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीचं दार लोकांसाठी बंद केलं. यापुढे रुपये पाडायचे ते फक्त सरकारने. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर धरून ठेवला गेला आणि चांदी आणखी घसरत राहिली. १९०२ च्या अखेरीस तर रुपयातली चांदी बाजारभावाने जेमतेम आठ आण्यांची होती. म्हणजे बंदा रुपया हासुद्धा अर्धा सरकारच्या शब्दावर चालत होता. केन्स नावाच्या तेव्हाच्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात रुपयाचं वर्णन चांदीवर छापलेली नोट अशा अर्थाने केलं आहे. गुजरीतले आमचे सोनार वेगळं काय म्हणाले?

पण हे कळायला ज्याची त्याची जागा बघावी लागते. लंडनमधल्या हिशेबाला यामुळे स्थैर्य आलं. इकडे बाईच्या अंगावरच्या तोड्यांचं काय झालं? काल तोडे आणि रुपया एकच होते. आज तोड्यांची चांदी स्वस्त आणि रुपया महाग. आणि लगेच १८९६-९७ चा दुष्काळ आला, मग १८९९-१९०० चा, ज्याला लोक छपन्नाचा म्हणतात. माणसं दागिने मोडायला गेली तेव्हा त्यांना कळलं की आपली बँक बुडाली आहे. कोणी दरोडा घातला नाही, कोणी तिजोरी फोडली नाही. फक्त एक दार बंद झालं.

इकडे नोटा मात्र पसरत होत्या. १९१४ च्या मार्चअखेर देशात सुमारे ६६ कोटींच्या नोटा होत्या आणि त्यांच्यामागे शेकडा ७९ इतका धातू होता. मग महायुद्ध आलं. हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी, सैनिक सगळंच बाहेर चाललं होतं. त्याचे पैसे इथे रुपयांत द्यायचे होते आणि चांदी मिळेना. चांदीचा भाव ४३ पेन्सांवर गेला की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होते असा हिशेब होता. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ती रेषा गाठली गेली, पुढे १९२० च्या फेब्रुवारीत भाव ८९ पेन्सांच्या वर पोचला. आता नाणं वितळवण्यात फायदा! सरकारने वितळवायला बंदी केली, खासगी चांदी आणायला बंदी केली, रेल्वेने रुपये नेण्यावर बंधन आणलं. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली. मला या नोटेची गंमत वाटते. तिच्यावर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचं चित्र छापलं होतं. रुपया देता येत नाही, निदान त्याचं चित्र घ्या.

१९१८ च्या वसंतात युद्धाच्या बातम्या वाईट होत्या आणि लोक नोटा घेऊन रुपये मागायला लागले. कायद्याने रुपये द्यायचे ते सर्कलच्या कचेरीत. जिल्ह्याच्या तिजोऱ्यांतून ते मिळत, ती सोय होती, हक्क नव्हता. सरकारने सोय आखडती घेतली. खेड्यापाड्यांत नोटेवर बट्टा बसला. दहाची नोट दिली की दहा रुपये मिळेनात. शिकलेले लोक तेव्हा म्हणत की अडाणी शेतकऱ्याला कागद कळत नाही. मला वाटतं, त्याला कागद चांगलाच कळत होता. वचन कोण देतंय, ते मागायला किती लांब जावं लागेल आणि दार बंद झालं तर नुकसान कोणाचं, हे त्याच्या तीन पिढ्यांनी पाहिलं होतं.

त्या वेळी तिजोरीतली रुपयांची शिल्लक फार थोडी उरली होती. वाचवलं कोणी, तर अमेरिकेने. तिथेही चांदीवर आधारलेल्या नोटा होत्या आणि त्यांच्यामागे चांदीच्या डॉलरचा प्रचंड साठा होता. वॉशिंग्टनमधला ब्रिटिश राजदूत लॉर्ड रीडिंग (हाच पुढे आपला व्हाइसरॉय झाला) याने खटपट केली, २३ एप्रिल १९१८ रोजी तिथे पिटमन कायदा झाला, कोट्यवधी डॉलर वितळवले गेले आणि २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकली गेली. इतक्या चांदीत आपले ५८ कोटी रुपये पडतात. ही चांदी येतेय एवढी बातमी आली आणि लोकांची घाई ओसरू लागली. चांदी अजून समुद्रात होती! म्हणजे लोकांना चांदी नकोच होती. मागितली तर मिळेल, एवढंच हवं होतं. १९१९ च्या मार्चअखेर नोटा १५३ कोटींवर गेल्या होत्या आणि त्यांच्यामागचा धातू शेकडा ३६ वर आला होता, तरी नोट चालली.

त्याच १९१८ मध्ये हैदराबादच्या निजामानेही आपल्या उस्मानिया सिक्क्याच्या नोटा काढण्याचा कायदा केला. मराठवाड्यातल्या लोकांच्या हातात त्या पडल्या. त्यांच्यावर उर्दू, तेलुगू, कानडीबरोबर मराठीही होती. आणि नेमका त्याच पावसाळ्यात आमच्या पणजोबांच्या हातात अर्धी नोट पडली. नोटेवर बट्टा होता, त्या दिवसांत. आज वाटतं, भावाने शब्द फिरवला असा संशय घरात इतक्या पटकन का आला, याचं थोडं कारण त्या हवेतही असेल. सगळ्याच वचनांकडे माणसं तेव्हा डोळे बारीक करून बघत होती.

आता आमच्या कोल्हापूरची गोष्ट. हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे, चांदीची हुपरी. घरोघरी पैंजण, जोडवी, करदोडे घडतात. त्याच तालुक्यात माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर. शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याआधी 'मूकनायक' साठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्या वर्षीच्या जुलैत आंबेडकर अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. तिथे त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो रुपयाचा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचं पुस्तक १९२३ मध्ये निघालं. महाराज १९२२ च्या मे महिन्यातच गेले, त्यांना ते बघायला मिळालं नाही.

हे पुस्तक आपल्याकडे नावाने सगळ्यांना माहीत असतं, वाचलेलं फार थोड्यांनी असतं. मीही उशिराच वाचलं. शंभर-सव्वाशे वर्षांचा टांकसाळींचा, कायद्यांचा, भावांचा हिशेब त्यात आहे. केन्सला जी व्यवस्था हुशारीची वाटत होती, म्हणजे आत चांदीचा रुपया आणि बाहेर सोन्याशी बांधलेला भाव, तिच्यावर आंबेडकरांचा आक्षेप होता. माझ्या शब्दांत सांगायचं तर असा: मागेल त्याला बदलून देऊ या वचनावर विसंबू नका, कारण ते वचन सरकारच्या मर्जीवर चालतं. रुपये किती काढायचे यालाच पक्की मर्यादा घाला. रुपया जास्त निघाला की त्याची खरेदीची ताकद कमी होते, आणि त्याची झळ सगळ्यांत आधी लागते ती ज्याच्या हातात रोजची मजुरी पडते त्याला. १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. रिझर्व्ह बँक असावी अशी शिफारस याच कमिशनने १९२६ मध्ये केली, आणि १ एप्रिल १९३५ रोजी ती सुरू झाली. ती आंबेडकरांच्या पुस्तकातून जशीच्या तशी उतरली असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. त्यांना हवी होती ती मर्यादा तिथे आली नाही. पण प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता. तिजोरीत काय आहे यापेक्षा, तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचा हात कोण धरणार?

उरलेली गोष्ट थोडक्यात. दुसरं महायुद्ध आलं, १९४० मध्ये पुन्हा लोकांनी चांदीचे रुपये दडवायला सुरुवात केली. सरकारने पुन्हा एक रुपयाची नोट काढली आणि अध्यादेश काढून तिला नाण्याचाच दर्जा दिला. म्हणून आजही एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, अर्थसचिवांची असते, आणि वचनही नसतं. ती स्वतःच रुपया आहे, आणखी काय देणार? रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. माझे ते दोन बद्द रुपये हेच. व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज यांचे जुने रुपये १९४१ ते १९४३ मध्ये क्रमाने चलनातून बाद झाले. १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. युद्धात अमेरिकेने उसनी दिलेली २२ कोटी ६० लाख औंस चांदी भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून परत केली, आणि ती मुख्यतः हे निम्म्या चांदीचे रुपये वितळवूनच जमवली. तिकडे चीनने १९३५ मध्ये चांदी सोडली. अमेरिकेने चांदीच्या नोटांवर चांदी देणं जून १९६८ मध्ये थांबवलं. १९५७ पासून आपल्या रिझर्व्ह बँकेला कायद्याने किमान २०० कोटींचा साठा ठेवावा लागतो, ११५ कोटींचं सोनं आणि बाकी परकीय रोखे. चांदीचं नाव नाही. आज गव्हर्नरचं वचन घेऊन गेलात तर त्या बदल्यात दुसऱ्या नोटा मिळतील किंवा स्टीलची नाणी.

मराठी भाषेला मात्र हे अजून कळलेलं नाही. भरवशाच्या माणसाला आपण बंदा रुपया म्हणतो, खणखणीत नाणं म्हणतो, सोयरीक करताना नाणं वाजवून घेतो. भरवशाच्या माणसाला 'कोरी करकरीत नोट' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या घ्यायला बंदी झाली. आमच्या भागात उसाचं बिल, दुधाचं बिल, पीककर्ज हे सगळं याच बँकांतून आणि सोसायट्यांतून फिरतं. मी एका दुसऱ्या बँकेच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे करवीर तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी होता. तासाभराने तो कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, "नोट त्यांची, सही त्यांची, आनि रांगेत आमी." पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून त्या नोटांवरचं वचन ३१ डिसेंबर २०१६ पासून संपल्याचं जाहीर केलं. नोटा रद्द करणं बरोबर की चूक यावर इथे वाद घालायचा नाही. पण मला त्या रांगेत १८९३ चं बंद झालेलं दार आठवलं, आणि १९१८ ची आखडती घेतलेली सोय. दर वेळी कारण मोठं होतं. दर वेळी दाराबाहेर उभा असलेला माणूस तोच होता.

नोटेमागे चांदी होती तेव्हाही ती चांदीवर चालली नाही, असं मला आता वाटतं. ती चालली, कारण मागायला आलेल्या माणसाला बहुतेक वेळा परत पाठवलं गेलं नाही. जेव्हा पाठवलं गेलं, तेव्हा तिजोरीत चांदी असो की नसो, बट्टा बसला. आणि हे नुसतं सरकारचं नाही. पणजोबांनी भावाच्या वचनावर तीन महिने मनात बट्टा लावला होता, आणि तो बिचारा तर वचन पाळायच्या आधीच गेला होता. ते पुन्हा का बोलले नाहीत, हे मला त्या दिवशी डबा पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा कळलं.

असो. दुसऱ्या दिवशी मी गुजरीत जाऊन अकरा रुपये देऊन आलो. पैंजण हुपरीहून घडून येतील, आठ दिवस लागतील म्हणाले. डब्यात आता दोन बद्द रुपये आहेत आणि मेणकापडातली अर्धी नोट. पुढच्या लक्ष्मीपूजनाला पाटावर तेवढंच मांडू. बायकोने विचारलं, "अर्ध्या नोटेला कसलं हळदीकुंकू?" मी म्हटलं, लाव. ती पाठवली तेव्हा पाठवणाऱ्याच्या मनात पुरी दहाचीच होती.